झीरोसाहेबांचं रजिस्टर

मी नोकरीच्या मुलाखतीला गेले तेव्हा साहेब जमिनीवर उताणे पडले होते. मुलुंडला कारखान्यांचे गाळे आहेत, त्यातल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमची लॅब. दार ढकललं तर टेबलामागची खुर्ची रिकामी आणि टेबलाशेजारी सतरंजीवर पन्नाशी उलटलेला एक माणूस. डोक्याखाली जाडजूड फाइल, चष्मा नाकावर, शर्ट व्यवस्थित खोचलेला. मी ओरडायच्या बेतात होते. तेवढ्यात खालून अगदी ऑफिसातला आवाज आला, "या, बसा. मला चार वाजून वीस मिनिटांपर्यंत उठता येणार नाही. तोवर मुलाखत उरकून टाकू."

मी बसले. दुसरं काय करणार? त्यांनी विचारलं, थर्मामीटर वाचता येतो का. मी हो म्हटलं. "नाही येत," ते म्हणाले. "कुणालाच येत नाही. मी शिकवीन." मग भांडुपहून यायला किती वेळ लागेल ते विचारलं. मी "साधारण अर्धा तास" म्हटल्यावर त्यांनी तोंड वाकडं केलं. त्या वेळी त्यांना तेवढंच हलवता येत होतं. "साधारण" हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायचा नसतो हे मला पुढे कळलं. चार वाजून पंचवीस मिनिटांनी ते हळूहळू उठून बसले, घड्याळाकडे पाहिलं आणि पाच मिनिटं चुकलो म्हणून माझी माफी मागितली. नोकरी मला मिळाली होती.

आमचं काम असं, की कारखान्यांतली मोजायची यंत्रं आमच्याकडे यायची. प्रेशर गेज, थर्मामीटर, वजनकाटे. आमच्याकडच्या खात्रीच्या यंत्राशी ती ताडून पाहायची, किती चुकतात ते लिहायचं, स्टिकर लावायचं आणि सर्टिफिकेट द्यायचं. साहेबांच्या सहीशिवाय एकही सर्टिफिकेट बाहेर जात नसे. त्यांचा पहिला नियम होता, आधी झीरो बघा. काही भार नसताना काटा शून्यावर आहे का ते बघितल्याशिवाय पुढचं सगळं वाया. हे ते इतक्या वेळा म्हणत, की अख्ख्या इमारतीत त्यांना झीरोसाहेब म्हणत. त्यांच्या तोंडावर म्हणत आणि त्यांना ते आवडे. सकाळी कॅन्टीनवाल्यालासुद्धा ते "काय रे, झीरो ठीक?" असंच विचारायचे.

त्यांच्या खिशात कायम दोनशे ग्रॅमचं पितळी वजन असे. मुलुंडच्या बाजारात भाजी घेताना आधी ते वजन भाजीवाल्याच्या काट्यावर ठेवायचं, मग भेंडी. सुरुवातीला भाजीवाले भांडले. नंतर त्यांनी युक्ती काढली, साहेब दिसले की मापापेक्षा मूठभर जास्तच द्यायची, म्हणजे कटकट नको. साहेब ती जास्तीची भेंडी मोजून परत करत. चूक दोन्ही बाजूंनी चूकच, असं त्यांचं म्हणणं. मी एकदा त्यांच्याबरोबर होते. एका भाजीवालीने हात जोडून त्यांना विनवलं होतं, की काका, ठेवा ना, देवाला घाला. त्यांनी चार भेंड्या परत ठेवल्या आणि देवाचा काटा वेगळा असतो म्हणाले.

आणखी एक खोडी म्हणजे, आमच्याकडे बारीक वजनांची एक खोली होती. तिथे श्वास जोरात सोडला तरी काटा हलायचा. त्या खोलीत हसायला सक्त मनाई, पाटीच होती. साहेब त्यांचे सगळ्यात फर्मास विनोद नेमके त्याच खोलीत सांगायचे. मी पदर तोंडात कोंबून उभी आणि हे गंभीर चेहऱ्याने आकडा वाचतायत. मला राग यायचा आणि दुसऱ्या दिवशी मीच आधी त्या खोलीत जाऊन बसायची.

आता त्यांच्या आजाराचं सांगते. महिन्यातून एखादवेळी, कधी दोनदा, त्यांचे पाय जायचे. मग हात. दुखायचं नाही, शुद्ध जायची नाही, तोंड तर मुळीच बंद व्हायचं नाही. फक्त अंगातलं बळ कुणीतरी काढून घेतल्यासारखं व्हायचं आणि चार-सहा तासांनी आपोआप परत यायचं. एकोणिसाव्या वर्षापासून हे चाललेलं. मेंदूचे फोटो झाले, नसांच्या तपासण्या झाल्या, सगळं नॉर्मल. कारण तपासणीच्या दिवशी हे ठणठणीत. झटका आल्यावर नेलं, तर रिक्षा मिळून, केसपेपर काढून नंबर लागेपर्यंत हे उभे राहून डॉक्टरांना खुर्ची देतायत. एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, हे मनाचं आहे. साहेबांनी विचारलं, मनाचं असतं तर मन गेलं असतं, पाय कशाला गेले? डॉक्टरांनी फाइल मिटली.

त्यांचं मूळ गाव कुडाळकडे. वडील गिरणीत होते. वडिलांनाही म्हणे असंच व्हायचं, गौरी जेवल्या की दुसऱ्या दिवशी ते ओटीवर आडवे. गावात ते देवाचं म्हणून सोडून दिलं होतं. साहेबांच्या आत्यांनी कौल लावून घेतला आणि गावच्या राखणदार देवाला दरवर्षी नारळ द्यायचा असं ठरवून टाकलं. साहेब तोही देत. "माझा काय जाता? नारळाचाच जाता," म्हणायचे. एरवी त्यांच्या बोलण्यात मालवणी येत नसे, पण आजाराचा विषय निघाला की कधीमधी यायची. जणू तो आजार गावाकडचाच कुणी नातेवाईक होता.

आणि त्यांनी आजाराचं रजिस्टर ठेवलं होतं. बिघडलेल्या यंत्राचं ठेवतात तसंच. पहिल्या पानावर लिहिलेलं: यंत्र मनुष्य, बनावट कुडाळ, दोष अधूनमधून. पुढे प्रत्येक झटक्याची तारीख, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, हवेचं तापमान, कोणत्या कुशीवर झोपलो होतो, आणि शेवटच्या कॉलममध्ये साक्षीदार. आमच्या धंद्यात मोजताना हजर कोण होतं ते लिहावंच लागतं. पहिलीच नोंद त्यांच्या लग्नानंतरच्या सत्यनारायणाची. लग्नात जिलब्या भरपूर झालेल्या, दुसऱ्या दिवशी पूजेला बसायच्या आधीच नवरदेव सतरंजीवर. भटजी मुहूर्त सोडायला तयार नाहीत. शेवटी साहेबांनी आडवं पडून पूजा केली. नवी नवरी, म्हणजे आमच्या काकू, त्यांचा हात उचलून त्यात अक्षता ठेवायच्या आणि आपणच वाहायच्या. मग घाबरलेल्या त्या मुलीने त्यांना प्रसादाचा शिरा भरवला. चांगला तीन वाट्या. कालावधी: नऊ तास दहा मिनिटं. साक्षीदार: अर्धांगी आणि दोन्हीकडची मंडळी. तो आजवरचा विक्रम होता.

तेव्हापासून काकूंच्या पर्समध्ये ग्लुकोजचा डबा कायम. अशक्तपणा म्हटला की आपल्याकडे दुसरं काय देतात? साहेब पडले की काकू ग्लुकोज पाजायच्या, सासूबाई होत्या तेव्हा त्या लाडू कुस्करून द्यायच्या, शेजारी सरबत आणायचे. लॅबमध्ये ते काम माझ्याकडे आलं. माझ्या ड्रॉवरमध्ये एक डबा असे. पाच चमचे, गार पाणी, स्ट्रॉ. ते निमूट प्यायचे आणि म्हणायचे, माझ्या आजाराला एकटं राहायला आवडतं, माणसं जमली की तो मुक्काम वाढवतो. आम्ही हसायचो.

मग ते घाटकोपरचं प्रकरण झालं. एका कारखान्यात बॉयलरवरची गेज जागेवरच तपासायला साहेब गेले होते आणि लोखंडी जिन्यावर, दुसऱ्या टप्प्यावर, बसले ते बसलेच. चौघांनी त्यांना खुर्चीत घालून खाली उतरवलं. मी मागे बॅग घेऊन. मध्येच त्यांनी खुर्ची थांबवायला लावली, कारण भिंतीवरच्या एका गेजची काच तडकलेली त्यांना दिसली आणि मी ते लिहून घ्यावं अशी त्यांची इच्छा होती. मी लिहून घेतलं. जिन्याला कठडा गुडघ्याएवढा, खाली सिमेंट.

आमच्या मालकांनी दुसऱ्या दिवशी त्यांना आत बोलावलं. मालक वाईट नव्हते, घाबरले होते. त्यांनी सांगितलं, एक महिना देतो. हा आजार कोणता आणि हा माणूस कामाला चालेल, एवढं लिहिलेला डॉक्टरचा कागद आणा. नाहीतर घरी बसा. साहेब बाहेर आले आणि बारीक वजनांच्या खोलीत जाऊन बसले. मीही गेले. त्या दिवशी त्यांनी विनोद सांगितला नाही. म्हणाले, "एवढ्या सगळ्या यंत्रांना सर्टिफिकेट दिलं गं मी. मला एक मिळत नाहीये." त्या खोलीत रडायला मनाई असल्याची पाटी नव्हती. पण काटा हलला असता म्हणून मी बाहेर येऊन रडले.

डॉक्टरांना दाखवायला सोपं जावं म्हणून ते रजिस्टर कॉम्प्युटरवर घालायचं काम मी घेतलं. आठ दिवस जेवणाच्या सुट्टीत बसून टाइप केलं. सगळं झाल्यावर सहज, किती वेळ टिकला त्या क्रमाने झटके लावून पाहिले. सगळ्यात वर सत्यनारायण. त्याखाली बारशी, मुंजी, दिवाळीचा फराळ. साक्षीदारांचा कॉलम खच्चून भरलेला. आणि सगळ्यात खाली, सगळ्यात लहान, एक तास पाच मिनिटं: गोराई, जेटी. साक्षीदार: शहाळेवाली बाई. तिथे ते एकटेच गेले होते. त्या बाईने त्यांना दोन शहाळी पाजली आणि आपली गिऱ्हाइकं बघत बसली. मला आधी हसूच आलं. साहेब म्हणत होते तेच, माणसं जास्त तर मुक्काम जास्त. मग ऑफिसातले झटके पाहिले. मी नोकरीला लागण्यापूर्वीचे तीन-साडेतीन तासांचे. मी लागल्यानंतरचे पाच-सहा तासांचे.

मी ड्रॉवर उघडला आणि त्या डब्याकडे बघत बसले. रजिस्टरमध्ये सगळं होतं, कोणत्या कुशीवर झोपले तेसुद्धा. फक्त काय खाल्लं, काय पाजलं याचा कॉलमच नव्हता. मायेने कुणी दिलेली वस्तू हे रीडिंग आहे असं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याही नाही.

साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी त्या डब्याचं झाकण उघडून आत पाहिलं. मग म्हणाले, "वाट लागली. म्हणजे माझा विनोद खरा होता?"

सरकारी हॉस्पिटलमध्ये एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी माझा तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. असं आम्ही कुणालाच वाचताना पाहिलं नव्हतं, सगळे शेवटचं पान बघायचे. त्यांनी विचारलं, झटका चालू असताना रक्त कधी तपासलंय का? नाही. साखर पाहिली होती, बाकी काही नाही. त्या म्हणाल्या, मला शंका आहे, पण आत्ता रक्त घेऊन उपयोग नाही, आत्ता ते बरोबरच येणार. झटका आला की लगेच इथे आणा, मी सांगून ठेवते, आणि इथे पोहोचेपर्यंत तोंडात गोड काही जाऊ देऊ नका. साहेबांनी कपाळावर हात मारला. अधूनमधून बिघडणारं यंत्र बिघडलेलं असतानाच मोजायचं, हे ते गेली तीस वर्षं प्रत्येक मेकॅनिकला बजावत होते.

झटका यायला जास्त वाट पाहावी लागली नाही. मालकांनी दिलेल्या महिन्यातले सहा दिवस उरले होते, रविवारी काकूंच्या भाचीचं लग्न झालं, आणि सोमवारी सकाळी साडेदहाला साहेबांनी हातातला पेन खाली ठेवला. "आलं," म्हणाले. आम्ही सतरंजी घातली, मी हॉस्पिटलच्या गाडीला फोन केला आणि काकूंनाही केला, ती माझी सवयच होती. साहेबांचं घर पाच मिनिटांच्या अंतरावर होतं. गाडीच्या आधी काकू पोहोचल्या. धापा टाकत, डबा हातात, झाकण जिन्यातच उघडलेलं.

मी मध्ये उभी राहिले. म्हटलं, काकू, आज नको. त्यांना कळेना, डॉक्टरबाईंची ताकीद साहेबांनी घरी सांगितलीच नव्हती. त्या मला बाजूला सारून खाली बसल्या, चमचा भरला. मी त्यांचा हात धरला. तेवीस वर्षं नवऱ्याला भरवत आलेल्या बाईचा हात असा धरायचा म्हणजे काय, ते मला विचारा. त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मी त्यांच्या नवऱ्याला उपाशी मारतेय. तेव्हा साहेब खालून म्हणाले, "अगं, आज मोजमाप चाललंय. मोजताना कुणी हात लावायचा नसतो. तू फक्त साक्षीदार हो." काकूंनी चमचा डब्यात परत ठेवला आणि त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. फाइलपेक्षा उंची जास्त होतेय, अशी साहेबांनी तक्रार केली.

हॉस्पिटलमध्ये पोहोचल्याबरोबर रक्त घेतलं. डॉक्टरबाई रिपोर्ट घेऊन आल्या तेव्हा हसत होत्या. पोटॅशियम तळाला गेलेलं. साहेबांनी आकडा विचारला, मग किती दशांशांपर्यंत मोजता ते विचारलं, मग आनंदाने डोळे मिटले. आजाराला नाव होतं, लांबलचक. लाखात एखाद्याला होणारा, वडिलांकडून आलेला आजार. गोडधोड पोटात गेलं की त्यांच्या रक्तातलं पोटॅशियम स्नायूंच्या आत निघून जायचं आणि बळ संपायचं. वर आम्ही ग्लुकोज पाजून आणखी घालवायचो. शहाळ्यात मात्र पोटॅशियम भरपूर, म्हणून गोराईचा झटका तासाभरात आटपला होता. बाईंनी ईसीजी लावून पोटॅशियमचं औषध पाजलं. त्याची चव अशी होती, की राखणदाराला हेच दिलं असतं तर त्याने गाव सोडलं असतं, असं साहेब म्हणाले. बाराच्या सुमाराला त्यांचा उजवा हात हलला. मी "सुमाराला" म्हटल्याबद्दल त्यांनी मला सुधारलं. अकरा बावन्न.

बाईंनी कागद लिहून दिला. आजाराचं नाव, औषध, पथ्य, उंचावर चढायचं नाही, आणि शेवटी, कामास योग्य. मालकांनी तो दोनदा वाचला आणि साहेबांचा हात धरला. जिने चढायचं काम माझ्याकडे आलं, सही त्यांच्याकडेच राहिली. तो कागद साहेबांनी काच लावून भिंतीवर ठोकला. ग्राहकांना ते सांगत, चूक नसलेलं यंत्र मी आजवर पाहिलेलं नाही, चूक किती ते कळलं की झालं, यंत्र वापरायला घ्यावं. झटके अजूनही येतात. वर्षातून दोन-तीन, आणि तासाभरात आटपतात.

पण काकूंचं हसणं गेलं. डॉक्टरबाई पथ्य सांगत होत्या तेव्हा त्या शेजारीच उभ्या होत्या. घरी त्या साहेबांना शहाळं काढून देत, आणि मधेच म्हणत, म्हणजे एवढी वर्षं मीच. वाक्य पुरं करत नसत. साहेबांनी विनोद करून पाहिले. लागू पडले नाहीत.

एके दिवशी साहेबांनी मला बारीक वजनांच्या खोलीत नेऊन हळूच एक मजकूर दिला. आमच्या लॅबच्या छापील कागदावर टाइप करायचा होता. त्यात लिहिलं होतं, की सर्व नोंदी तपासल्या असता, घरी दिलेल्या ग्लुकोजचा तसेच सत्यनारायणाच्या दिवशीच्या शिऱ्याचा आजाराच्या कालावधीवर कोणताही परिणाम आढळला नाही, दोष संपूर्णपणे लग्नातल्या जिलब्यांचा आहे. खाली आकड्यांचा तक्ता. एकही आकडा खरा नव्हता. चार भेंड्या परत करणारा माणूस. मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांनी चष्मा पुसायला घेतला. मी टाइप करून दिला, त्यांनी सही केली, शिक्का मारला. माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि या वेळी मी बाहेर गेले नाही. काटा हलला असेल तर हलू दे.

काकूंनी तो वाचला आणि त्या पहिल्यासारख्या झाल्या. साहेब आठवडाभर मिशीत हसत फिरत होते.

परवा मी त्यांच्या घरी गेले होते. साहेब भाजी आणायला गेलेले, खिशात वजन घेऊन. काकूंनी बिनसाखरेचा चहा केला, आता त्या घरात तोच असतो. मग फळीवरून ग्लुकोजचा तो जुना डबा काढला. मी दचकले. डब्यात ग्लुकोज नव्हतं, घडी घातलेला तो कागद होता.

"याच्यावर नंबर नाहीये, बघितलंस?" काकू म्हणाल्या.

मी बघितलं. आमचं प्रत्येक सर्टिफिकेट रजिस्टरमध्ये चढतं आणि त्याला नंबर पडतो. वरच्या कोपऱ्यातली ती जागा कोरी होती. खोटं लिहिताना, सही करताना साहेबांचा हात अडला नव्हता, पण नंबर द्यायला तो धजला नव्हता.

"तेवीस वर्षं संसार केलाय गं. बिननंबरचा कागद हे देवालासुद्धा देणार नाहीत. मला दिला." त्यांनी घडी पुन्हा नीट घातली. "त्याच दिवशी कळलं मला. मग म्हटलं, एवढं केलं माणसाने, आता आपण रडत बसायचं?"

खाली गेट वाजलं. साहेबांनी वॉचमनला झीरो विचारल्याचा आवाज आला. काकूंनी डबा फळीवर ठेवला आणि झाकण घट्ट लावलं.

"त्यांना सांगू नकोस हं," त्या म्हणाल्या. "त्यांना वाटतंय, त्यांना खोटं बोलता येतं."